बांधावर वाकून चालायचं

माझा जन्म धरमतरच्या खाडीकाठचा. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न झालं, तेही खाडीपलीकडच्याच गावात, म्हणजे इकडं चिखल आणि तिकडंही चिखल. काय सांगू तुम्हाला, आमची जमीन खारी, खाडीच्या अंगाला मातीचा बांध आणि बांधाच्या आत भात, बांध फुटून खारं पाणी आत आलं की पुढं काही वर्षं तिथं धड गवत उगवत नाही. हे आधी लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल. मला स्वतःला अजून कळलेलं नाही, ते सोडा.

आमचे हे गोऱ्या साहेबाच्या पलटणीतले, समुद्रापार बसऱ्याच्या लढाईवरून आलेले. हात शाबूत, पाय शाबूत, म्हणून माझ्या बापानं मुलगी दिली. लढाईत काय केलं विचारलं तर म्हणायचे, माती काढली. बस, एवढंच. लग्नानंतर पहिल्यांदा बांधावरून निघालो, माझ्या डोक्यावर मासळीची पाटी, तर यांनी हात धरून मला खाली ओढलं, पाटी एकीकडं, मी एकीकडं, आणि म्हणाले, वाकून चाल, डोकं दिसतं. कुणाला दिसतं? तर हे वाकूनच सांडलेली मासळी वेचायला लागले. मागून बायकांच्या घोळक्यात जाऊबाई येत होत्या, त्या म्हणाल्या, काय गं, घरात जागा पुरत न्हाय का, बांधावर लोळवतोय तो तुला? सगळ्या हसल्या, मीही हसले. सासूनं पालीच्या गणपतीचा अंगारा आणून यांना लावला. तो लावून घेतला आणि दुसऱ्या दिवशी वाकूनच चालले.

आता गावाचं शहाणपण ऐका. पंच म्हणाले, पलटणीत माती काढलेला माणूस हाय, बांधाचं काम यालाच द्या. दिलं. हे उन्हाळाभर राबले आणि बांधाच्या आतल्या अंगाला माणूस छातीपर्यंत आत उभा राहील अशी खाच कोरली, आत पायरी, कडा चूल सारवल्यागत तासलेल्या. मी भाकरी थापता थापता म्हटलं, अहो, बांध जाड करायचा की पोखरायचा? म्हणाले, उभं राहायला जागा नको? पंच बघून गेले, त्यांना वाटलं ही साहेबाकडची नवी रीत असेल.

भादव्यात अमावास्येचं उधाण आलं, भर दुपारी, आणि बांध नेमका त्या खाचेपाशी फुटला. खांड पडली म्हणून आरोळी आली की आमच्याकडं बायका-म्हातारे सगळ्यांनी धावायचं, खुंट ठोकायचे, पेंढा दाबायचा, चिखलाचे गोळे हातोहात पुढं द्यायचे. सगळं गाव धावलं. हे मात्र खाचेच्या उरलेल्या कोपऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात डोकं खाली घालून बसलेले, आणि गोळा द्यायला जो येईल त्याला पाय धरून ओढत होते, खाली बस, खाली बस म्हणून ओरडत होते. लोक शिव्या घालत होते. मी उतरले आणि केस धरून यांना उभं केलं. यांनी मला विचारलं, आपली माणसं कुठल्या बाजूला? मी म्हटलं, या बाजूला. मग पलीकडं कोण? पलीकडं पाणी आहे, नुसतं पाणी. तर म्हणाले, मग एवढी माणसं कुणी मारली? माझ्या हातात चिखलाचा गोळा होता, तो मी पुढं दिला.

खांड बुजली नाही. भात गेलं, जमीन खारावली. गावकी बसली, कुणी म्हणालं, या घराला वाळीत टाका. म्हातारा पंच म्हणाला, बांध याच्या हातात दिला कुणी, आपणच ना? तिथंच बैठक मोडली, सगळे घरी गेले. पण पुन्हा यांना कुणी फावडं धरू दिलं नाही. चूक कुणाची म्हणायची? यांची म्हणावी, तर ती खाच यांना शिकवली कुणी? ज्यांनी शिकवली ते कोण, कुठले, मला माहीत नाही. हे बरीच वर्षं ओटीवर बसून राहिले आणि बसल्या बसल्याच गेले.

आता बांध दगडी झाला. मी अजून त्यावरून वाकून जाते. नातसून म्हणते, आजी, कंबर गेली तुमची. कंबर चांगली आहे माझी, पाण्याचा हंडा घेऊन ताठ येते. मग बांधावरच का वाकते, ते तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळलं तर मला येऊन सांगा. निघा आता, भरती चढायच्या आत. वाट बांधावरूनच आहे. सुखात राहा, ताठ चालत जा. कुणी बघत नाही. बहुतेक.