दोन सायकली आणि सोमवार

खट्ट!... असा आवाज झाला आणि माझा उजवा पाय एकदम हवेत गेला. एकोणीसशे ब्याण्णव साल, सकाळची पहिली पाळी, इंद्रपुरीतल्या घरातून कारखान्याकडे निघालो होतो आणि पायडलचा दांडा मुळापासून तुटला. तुम्हाला सांगतो, त्या एका आवाजानं माझं डोकं जे फिरलं ते आजतागायत जागेवर आलेलं नाही! आणि लोक मला विचारतात, "काका, माणूस एक, मग सायकली दोन कशाला?" आता याला काय उत्तर देऊ? घरात पाण्याचा एकच हंडा ठेवता का तुम्ही? चष्मा फुटला तर जुना शोधता की नाही? मग सायकलीनंच काय घोडं मारलंय? जोडीला एक नको?

मी बोलणारा माणूस नाही. सातवी शिकलो आणि चौतीस वर्षं कारखान्याच्या पंपघरात काढली. तिथं धडधड एवढी की बोलून उपयोगच नसायचा, सगळं हातांनी, मानेनं. त्यामुळे सवयच गेली. एक वाक्य जुळवायला मला वेळ लागतो. पण आज माझं ऐकूनच घ्या, कारण कालपासून बसवत नाही, झोपवत नाही, चहा गार होतो...

तर काय सांगत होतो? हां, पंपघर. तिथं पंप दोन. एक चालू, एक स्टँडबाय. चालू बंद पडला की दुसरा लगेच सुरू. आणि आमचे साहेब सांगायचे, "अच्युत, बसून राहिलेला पंप जाम होतो. दर सोमवारी अदलाबदल!" चौतीस वर्षांत माझा एक सोमवार चुकला नाही. मग ज्या माणसानं पंपाला जोडीदार दिला, त्यानं स्वतःच्या सायकलीला देऊ नये? जोडीला एक नको?

म्हणून दांडा तुटला त्याच महिन्यात दुसरी घेतली. हुबेहूब! तोच काळा रंग, तीच बावीस इंची, तीच घंटी, कॅरिअरसुद्धा तेच. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, पुरानी ख़राब हो गई?" म्हटलं, नाही, दुरुस्त झाली. "चोरी हो गई?" नाही. "तो फिर ये किसके लिए?" म्हटलं, त्याच सायकलीसाठी. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आतल्या पोराला म्हणाला, "हवा भर दे, और ज़्यादा बात मत करना।"

तेव्हापासून एक सायकल अंगणात आणि दुसरी आमच्या पलंगाच्या पायथ्याशी, चादर पांघरून. दर सोमवारी अदलाबदल. आमच्या मंदाकिनीबाई तीस वर्षं एकच वाक्य म्हणतायत, "अहो, सवत आणली असती तर ती निदान भांडी तरी घासायला लागली असती!" मी तेल घालतो.

आता मुद्द्यावर येतो. यशवंत. माझा दोस्त, पंपघरातलाच, दोन गल्ल्या सोडून राहतो. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी आम्ही दोघं आपापल्या सायकलीवर निघतो, बाग सेवनिया वस्तीत त्याच्या मुलीकडे, शर्वरीकडे जातो, चहा घेतो, परत येतो. वाटेत तो बोलतो, मी घंटी वाजवतो. बास. एवढंच आमचं आयुष्य, पण काय सांगू, त्या एका तासावर उरलेले तेवीस तास निघतात हो!

आणि तीन आठवड्यांपूर्वी यशवंत अशोका गार्डनच्या बाजारात भाजी घ्यायला थांबला, वळून बघतो तर सायकल नाही. गेली! हा बिचारा मेथीची जुडी हातात धरून उभा. माझ्याकडे आला, म्हणाला, "अच्युत, आता या वयात नवी काय घ्यायची? राहिलं." आणि हसला. असा हसला की मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच निघालो. चौकापर्यंत गेलो आणि परतलो. घंटी कुणासाठी वाजवायची?

घरी आलो तर ही चौकटीत उभी, कमरेवर हात. "अहो, पलंगापाशी एक उभी आहे ना? द्या की यशवंतभावजींना!"

मी म्हटलं, देतो.

"कधी?"

म्हटलं, बघतो.

"काय बघता? दांडा तुटला त्या दिवशी भावजींनी तुम्हाला कॅरिअरवर बसवून कारखान्याच्या गेटपर्यंत नेलं, तेव्हा त्यांनी काय बघितलं होतं? तुमचं वजन?"

आता तुम्हीच सांगा, मला द्यायची नव्हती असं आहे का? द्यायचीच होती! पण कुठली? प्रश्न तिथं अडला. जुनी म्हणजे माझा जीव की प्राण, ती देणार नाही. दुसरी द्यायची. पण दुसरी कुठली? तुम्ही हसाल, पण तीस वर्षं सोमवार पाळले ना, दोघी सारख्याच झिजल्या. हिचं सीट तिला, तिचा मडगार्ड हिला. ओळख म्हणून मी जुनीच्या हँडलला नाडाछडी बांधून ठेवली होती. तर दसऱ्याला पूजा करताना बाईसाहेबांनी दुसरीलाही बांधली! "एकीला बांधायची आणि एकीला नाही? वाईट दिसतं ते!" झालं! राहिलेली खूणही गेली.

दोन्ही घेऊन रफ़ीक मिस्त्रीकडे गेलो. एक हातात धरून, एक बगलेत टेकवून, अर्धी इंद्रपुरी बघत होती. म्हटलं, मियाँ, यातली जुनी कुठली ते सांगा. त्यानं चेन बघितली, वाकून दांडे बघितले, चाकं फिरवली आणि म्हणाला, "चचा, दोनों की उमर बराबर है। जिस दिन एक बैठेगी, समझो दूसरी भी बैठ जाएगी।"

ऐकलंत? तीस वर्षं मी जिला राखीव म्हणून सांभाळली ती राखीव नव्हतीच! आणि तरी, तुम्हाला सांगतो, मन काही ऐकेना. उलट म्हणायला लागलं, बघ, दोघी थकल्यात, आता तर जास्तच लागतील. जोडीला एक नको?

असे अठरा दिवस गेले. अठरा! यशवंत बस पकडून मुलीकडे जायचा. मी खिडकीतून बघायचो. कधी चादर काढायचो, कधी घालायचो. ही म्हणायची, "सायकल झाकताय की शाल घालून तिचा सत्कार करताय?"

शेवटी परवा निरोप पाठवला. ये, आणि दोन्हींतली तुला आवडेल ती घे. काल सकाळी आला बिचारा. आंघोळ करून, केस बसवून, पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून पायापाशी क्लिप लावूनच आला! म्हणजे निघायच्या तयारीनंच. त्यानं दोन्ही बघितल्या, एकीच्या घंटीवर अंगठा ठेवला, वाजवली आणि म्हणाला, "हीच." अहाहा! त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक. माझी जीभ सुटली. म्हटलं, यशवंत, हिला उन्हात लावू नकोस, सीट तडकतं. अर्धं पायडल मारत चढायचं नाही. हँडलला पिशवी अडकवायची नाही, मेथीची पण नाही. अशोका गार्डनला न्यायची नाही. ब्रेक हळू. कुणाला द्यायची नाही, जावयाला तर नाहीच. तेल मी घालीन. आणि दर सोमवारी सकाळी आणून द्यायची, दुसरी घेऊन जायची, अदलाबदल, नाहीतर जाम होतात...

आतून ही ओरडली, "अहो, पुरे!" पण मी थांबतो कसला? जन्मात एवढं सलग बोललो नव्हतो हो!

यशवंतनं सगळं ऐकलं. मान हलवत होता, पंपघरात हलवायचा तशी. मग त्यानं सायकल परत स्टँडवर लावली, नीट, चाक सरळ करून. कुलपाची किल्ली काढली, माझा हात धरला, किल्ली तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. आणि वळला.

मला म्हणायचं होतं, अरे, घेऊन जा! सोमवार गेला खड्ड्यात! दोन्ही घेऊन जा! पण माझं बोलणं तुम्हाला सांगितलंच, वाक्य जुळवायला मला वेळ लागतो. ते जुळेपर्यंत यशवंत कोपऱ्यावरून वळलासुद्धा, पायी... पँटला क्लिप तशीच लावलेली.