दोनदा नापास

घानातल्या आक्रामध्ये इंग्रजीच्या परीक्षेच्या रांगेत माझ्यापुढे एक नर्स उभी होती. नवरा तिची उजळणी घेत होता.

“डिझिफा, पेशंट दाखल आहे. ‘इन हॉस्पिटल’ की ‘इन द हॉस्पिटल’?”

“‘इन हॉस्पिटल’. ‘द’ नको.”

“आणि त्याला भेटायला गेलेली बायको?”

“तिला ‘द’ लागतो.”

“‘गो टू मार्केट’?”

“‘द मार्केट’. फसवू नकोस, एडेम.”

“सगळं तर येतंय! मग दोनदा नापास कशी झालीस? लंडनचं हॉस्पिटल तुझी वाट बघत बसणार नाहीये.”

“पहिल्या वेळी आपली लेक सेना अंगावर पीत होती.”

“आणि दुसऱ्या?”

“तिला दात येत होते.”

“म्हणजे मुद्दाम?”

“हळू बोल.”

“आणि आज?”

“आज ‘मला पाठीवर बांध’ म्हणत ती कापड घेऊन दारात उभी होती.”