नकाशा दाखवायला काय जातं?

मारतहळ्ळीच्या मॉलमध्ये पाणबुडीच्या सिनेमाचं मध्यंतर झालं. पॉपकॉर्नच्या रांगेतल्या कानडी गलक्यात पुढच्या नवराबायकोचं मराठी ऐकलं आणि क्षमाचे कान टवकारले.

"काय माणसं आहेत, अलका! समुद्राच्या तळाशी सगळ्यांना पुरून उरेल एवढं सोनं पडलंय आणि हा कप्तान नकाशा बुटात लपवून बसलाय!"

"इतरांना कळलं तर आपल्याला कमी पडेल, ही भीती रे, सुहास."

"अगं, पण नकाशा दाखवायला काय जातं? सगळे जगले असते. आता मरतील एकेक करून."

"मी तर याचसाठी येते असले सिनेमे बघायला. बाहेर पडताना आपण अगदी देवमाणसं आहोत असं वाटतं."

"फोन वाजतोय तुझा."

"हॅलो? हां अण्णा! अभी? रुकिए, रुकिए, जाना मत! सुहास, चल, पाण्याचा टँकर आलाय."

"आत्ता? अगं, सोनं सापडायचंय अजून!"

"मरू दे ते सोनं! किती विनवण्या केल्यावर हा टँकरवाला मिळालाय. आपण पोचलो नाही तर शेजारच्या सोसायटीत ओतून मोकळा होईल."

क्षमाला राहवलं नाही.

"अक्का, रागावू नका हं. आमची बोअर आटलीय, पोरं आंघोळीवाचून शाळेत जातायत. त्या टँकरवाल्याचा नंबर जरा द्या की, स्वल्प."

अलकाने फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि गोड हसली.

"कुठला टँकर?"