बिनपाटीची खोली

— बसा साहेब, बसा, ओटा माझाच हाय, सुकटीचा वास येईल जरा, तेवढा सोसा. काय बोललात, वाचनालय? ह्या घनसोलीत? अहो, वाचनालयाला कुलूप लागून इतकी वर्सं झाली की कुलपावरचा गंज पन म्हातारा झाला. आता वाचनालय इचारतात ते कोन असतात, मला ठाऊक हाय — खारघरवरनं, कुठून कुठून येतात, चांगल्या घरचे, हात खिशात घातलेले, थरथरताना दिसू नयेत म्हनून. दारू सोडनाऱ्यांची मीटिंग कुठंय, असं सरळ तोंडानं इचारलेला एक मानूस नाय बघितला मी. कोनी योगाचा क्लास इचारतो, कोनी भाड्याची खोली. ते लोक पाटी लावत नायत — येनाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हनून. मग मीच त्यांची पाटी. समाजमंदिराची चावी माझ्याकडं, झाडलोट माझी, नि दर गुरवारी संध्याकाळी वाट चुकलेल्याला हात करून दाखवनार पन मीच. आजवर कोनाला चुकीचा रस्ता नाय दाखवला. — तुमाला सोडून.

हां, गेल्या गुरवारी. मीच होते ती. तुमी नाय ओळखलं मला, कसं ओळखाल — तळोज्याला तुमच्या कंपनीच्या गेटवर नवऱ्याच्या नोकरीसाठी मी हात जोडून उभी होते, नि तुमी गाडीची काच वर करून निघून गेलात. दिनानाथ साहेब ना? मग? आता कशाला उठताय, बसा. चांगदेवची बायको मी, पुतळा.

आठवतोय का चांगदेव? प्लांटवर ऑपरेटर. दारूला शिवत नव्हता असं नाय बोलनार मी, हळदीला घ्यायचा, गटारीला घ्यायचा, आमच्यात कोन नाय घेत? पन रोजची कोनी लावली? सेकंड शिफ्ट सुटली की तुमी त्याला गाडीत घालून फाटकाजवळच्या बारमदे न्यायचात. नि हा घरी येऊन मला कौतुकानं सांगायचा — साहेबानी स्वतःच्या हातानं ओतली माझ्या ग्लासात. मान वाटायचा हो त्याला. मग त्या दिवशी शिफ्ट सुटायच्या आधीच नेलंत त्याला, नि पाइप फुटला, टाकी वाहिली, तेव्हा चौकशीला तुमी काय बोललात? ऑपरेटर प्यालेला होता, तोंडाला वास येत होता. येनारच ना वास. एकाच बाटलीतली दोघं प्यालात, तुमी तेवढी वर बडीशेप चघळलीत.

पुढचं तुमाला कोन सांगनार? मी सांगते, घाई कसली? नोकरी गेली, मग हा दिवसाच प्यायला लागला. आमच्या भाविकाच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या समोर, मांडवात आडवा पडला. पोरीनं साडीचा पदर खोचला नि बापाला उचलला, नव्या बांगड्या फुटल्या हातातल्या, रगत आलं. ते लोक ताटावरनं उठून गेले. त्या दिवशी मी गावदेवीला बोलले, एकदा त्या साहेबाला माझ्या दारात आन, नि आनशील तेव्हा मला दया येऊ देऊ नको. आनलाच की तिनं.

म्हनून तुमाला तळ्याच्या पलीकडं पाठवलं मी, मंडपवाल्याच्या गोडाऊनकडं. तिथं मीटिंग-बिटिंग काय नाय, समोर देशी बार हाय तेवढा. मी काय आत ढकललं नाय तुमाला, तुमी रस्ता इचारला, मी हात केला. — गेलात ना आत? मान खाली घातलीत म्हंजे गेलात. छान झोप लागली होती मला त्या दिवशी.

काय? आतनं टाळ्या? ते भजनी मंडळ हाय. टाळ-मृदंग नाय ऐकू येत म्हनता — बिनटाळाचं भजन करतात ते, तुमाला काय त्याचं? — बरं, मीटिंगच हाय ती. तुमच्या पाठीमागं, समाजमंदिराच्या त्या निळ्या दाराच्या आत. अर्ध्यावर आली असेल. तेवढ्यासाठीच तर बोलत बसले मी, तुमाला काय वाटलं, तुमची संगत गोड लागते? मीटिंग सुटली की सांगनार होते, गेली, आता पुढच्या गुरवारी या. नि पुढच्या गुरवारी परत तेच. थांबा, उठू नका, आत कोन हाय ते तरी ऐका. चांगदेव हाय. आता थेंबाला शिवत नाय. चहा तोच करतो, नि नवा मानूस आला की त्याच्या बाजूला तोच बसतो. कसं तोंड दाखवाल त्याला? मला बोलून ठेवलंय त्यानं, दिनानाथ साहेब कधी आलाच ना पुतळे, तर त्याला भायेर थांबवू नको, दारातनं एकदा परत फिरलेला मानूस पुन्हा येत नाय — हे तुमाला कशाला सांगितलं मी? जळो ही जीभ.

तुमी मातर आलात परत. बारमदे जाऊन पन आलात. कशाला आलात हो?

— अवो भाविकाचे बाबा, तुमी भायेर कशाला आलात मीटिंग सोडून? कोन नाय, गिऱ्हाईक हाय, सुकट बघतंय. असं टक लावून काय बघताय त्याच्याकडं? अवो, हातातला तो चहा माझा हाय. दर गुरवारी माझाच असतो. त्याला काय देताय — 

घ्या साहेब. घ्या आता, माझ्याकडं काय बघता? दोन्ही हातांनी धरा, सांडतोय. त्यानं दिलाय, मी नाय. मी मरेपर्यंत नाय देनार, ध्यानात ठेवा. नि दर गुरवारी माझ्यासमोरनंच जावं लागनार तुमाला, मी हितंच बसलेली असनार. बूट दाराभायेर काढा. जा.