उंबऱ्यापाशी सात इंच

हॅलो?

हां ताई, बोल… हो, दुकानातच… दारांच्याच दुकानात, आणखी कुठे असणार? … आहे ना आई. खुर्चीवर बसलीये, पाणी पितेय.

काय? फरशीवाला निघाला? … अगं, अडव त्याला! म्हणावं, दारापुढची तेवढी सोड, बाकीची बसव… सगळी बसवून झाली? दारापुढचीच राहिली? … बरं बरं. चहा दे त्याला… मग परत दे!

हो, कळतंय मला. पिव्हट, म्हणजे खालच्या खुंटीवर फिरणारं दार लावायचं तर फरशीत खळगा ठेवायचा, त्यात तो खालचा डबा बसतो. साधं बिजागरीचं लावायचं तर खळगा नको… दहा मिनिटं दे फक्त.

नाही, नाही… ऐक ना… ताई, ऐकतेस का? हौस नाहीये ही. व्हिडिओ बघितले म्हणून नाही… बरं, बघितले. चाळीस बघितले. पण का बघितले? आठ महिने झाले, आई एकटी दाराबाहेर पडलेली नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून. एका हातात वॉकर, दुसऱ्या हाताने दार ओढायचं, ते ओढवतच नाही तिला. दाराजवळ खुर्ची टाकून बसते, कोणी येईल आणि उघडेल म्हणून. तू रविवारी येतेस, तुला नाही दिसत ते… टोमणा नाही मारत गं. सांगतोय.

म्हणून पिव्हट. सगळं वजन खाली जमिनीवर असतं. एका बोटाने फिरतं… खरंच. आत्ता फिरवलं ना तिने! एवढं सागवानी दार, चार फुटी. करंगळी लावली फक्त. हसली पण… हो, वॉकर घेऊन आरपार गेली.

थांब हं एक मिनिट, दुकानवाले काका काहीतरी विचारतायत…

…आपली चौकट किती रुंद आहे विचारतायत. टेप आहे का तिथे? … फरशीवाल्याकडे असेल बघ, माग ना… तीन? नक्की तीन फूट? … तीन फूट, काका.

…

हॅलो, आहे आहे. काका फळ्या आणतायत… दोन फळ्या उभ्या केल्या दाराच्या दोन्ही बाजूंना. अच्छा… पिव्हट कडेला नसतो म्हणे, सात इंच आत असतो. म्हणजे दार उघडलं की मागचं शेपूट बाहेर येतं आणि तेवढी वाट खातं. वर दाराची जाडी. आपल्याला उरते सव्वादोन फूट. तेवढंच अंतर ठेवलंय त्यांनी… वॉकर? वॉकर दोन फूट… गणित मलाही येतं गं. वॉकर धरलेली बोटं कुठे जाणार ते व्हिडिओत नव्हतं.

हां, निघाली आई… सावकाश, आई… हं… घासली. बोटांची पेरं घासली… नाही, लागलं नाही. पण थांबली. म्हणतेय, 'छोट्या, दार छान आहे, पण माझं नाही.'

हसू नकोस… 'मी सांगितलं होतं' हे वाक्य उद्या म्हण.

चौकट मोठी नाही होत, बाजूला पिलर आहे… माहितीये मला.

बिजागरीचं काय उपयोगाचं? घरी तेच आहे की, आणि तेच उघडत नाही तिला… काका म्हणतायत, तेही एकदा बघा. बघू म्हटलं. शेजारीच उभं आहे, तीन फुटी, चार बिजागऱ्या… पिव्हटपेक्षा हलकं, पण घरच्याएवढं आहे वजनाला.

आई, जपून, ते जड—

…

ताई, उघडलं तिने… हो, बिजागरीचं. ओढलं आणि उघडलं… अगं, एका हाताने! … मलाही तेच कळत नाहीये. आता बंद केलं. परत उघडलं.

थांब, काका विचारतायत, घरच्या दाराला वर काही…

…

ताई.

घरच्या दाराला वर तो क्लोजर आहे ना? आपोआप बंद करणारा, दांडीचा… कोणी लावला काय? मी. मीच लावला. आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा. वाऱ्याने दार आपटायचं, ती घरी आल्यावर दचकू नये म्हणून… व्हिडिओ बघून, हो. लॅच नीट लागेना म्हणून स्क्रू शेवटपर्यंत पिळला. काका म्हणतायत, तो एवढा आवळला तर पैलवानालाही दार झुंजवेल. ओढलं की अंगावर परत येतं. आम्ही दोन्ही हातांनी उघडतो, आम्हाला काय कळणार?

म्हणजे तिला दार ओढवत नव्हतं असं नाही… तिला माझा क्लोजर ओढवत नव्हता.

…दे, हव्या तेवढ्या शिव्या दे… नाही, तिने कधीच नाही सांगितलं. सांगणार काय? ती घरी आली तेव्हा दार तसंच होतं. तिला वाटलं, आपल्याच अंगात जोर नाही उरला. आत्ता काकांना म्हणाली तसं. अगदी सहज, भाजी महाग झाली म्हणतात तसं… मला कुठे बघावं कळेना, ताई.

हो, काढतो. घरी गेल्यावर पहिलं तेच.

माफी? … मागितली ना. म्हणाली, 'गप रे, आधी दार बघू दे.' सहाव्यांदा उघडतेय. काका म्हणाले, आजी, बिजागऱ्या झिजतील. ही म्हणते, झिजल्या तर कळेल ना माल कसा आहे ते.

तिला फोन? देतो की. आई, ताईशी बो—

…आई?

ताई, इथे नाहीये ती… ओरडू नकोस! आत्ता तर होती… थांब. दिसली. बाहेर आहे, काचेतून दिसतेय… कोणी नाही बरोबर, काका माझ्यासमोर आहेत. एकटीच गेली. दुकानाचं दार उघडून.

शेजारी कुंड्यांचं दुकान आहे, तिथे उभी आहे. भाव करतेय… ऐकू येत नाही, पण तिचा हात हलतोय ना, भावच करतेय.

नाही… नाही जात मी मागे. सपाट फुटपाथ आहे, वॉकर धरलाय… पडणार नाही. बोलावलं तर जाईन… हो, लक्ष आहे. इथेच काचेजवळ उभा आहे.

रडतेस? … बरं, फरशीची धूळ. मान्य.

सांग त्याला, खळगा नको. सरळ फरशी बसव उंबऱ्यापर्यंत… बिजागरीचंच, हो. साधंच.

एक मिनिट… वळली. काचेवर टकटक करतेय. दोन कुंड्या दाखवतेय आणि माझ्याकडे बोट… मी हमाल वाटतं आज.

चल, ठेवतो. बोलावलं तिने.