विष्णूकाकांचा डिटेक्टिव्ह

...नाही, पण मला सांगा, नाटकात डॉक्टरचं काम करणाऱ्याकडे कुणी अपेंडिक्स काढायला जातं का? हे विष्णूकाकांना कोण सांगणार! म्हटलं, काका, अहो, नट तो, डिटेक्टिव्ह नव्हे! तर म्हणतात, "तू गप्प बस. तुझं शिक्षण व्हायचंय अजून."

तुम्हाला सांगतो, इथे जर्सी सिटीत आमच्याच बिल्डिंगमध्ये हा रॉय डुगन राहतो. तरुणपणी ब्लॅक अँड व्हाइट सिनेमात खासगी डिटेक्टिव्हची कामं करायचा... तिरकी हॅट, लांब कोट, तोंडात सिगरेट, एक भुवई वर केली की खुनी घडाघडा बोलायला लागायचा! काका रिटायर झालेले, नवा व्हीसीआर घेतलाय, ते सिनेमे टेप करून पोथीसारखे बघतात. आणि त्यात त्यांचा अनिल घर सोडून गेलेला. गेलेला म्हणजे काय, काकाच गरजले होते, "मेडिकलला जायचं नसेल तर या घरात पाय ठेवू नकोस!" पोरानं नाही ठेवला. पोलीस म्हणाले, "सर, ही इज ट्वेंटी." म्हणजे या देशात विसाव्या वर्षी माणूस हरवत नाही, नुसता जातो!

मग काय, काका डुगनच्या दारात! डुगनच्या खोकल्यातलं इंग्लिश काकांना कळत नाही, म्हणून मी दुभाष्या. तो म्हणाला, "अहो, खुनी कोण ते मलासुद्धा लेखकच सांगायचा!" काका माझ्या कानात म्हणतात, "बघ, किती नम्र माणूस!" अहो, नट तो, डिटेक्टिव्ह नव्हे!... पण कित्येक वर्षांत कुणी काम दिलं नव्हतं हो त्याला. अनिलचा फोटो बघितला, काकांचा चेहरा बघितला, आत गेला आणि हॅट घालून आला.

रविवारी मी ड्राइव्ह करतोय, शेजारी डुगन, मागे काका, त्यांच्या मांडीवर शरयूकाकूंनी अनिलसाठी दिलेला थालीपिठांचा डबा. घर सोडलेलं पोर पोटासाठी हॉटेलातच भांडी घासणार, म्हणून दिसेल त्या हॉटेलात डुगन शिरायचा, भुवई वर करायचा... कोण बोलतंय! एक वेट्रेस म्हणाली, "आजोबा, बाथरूम मागच्या बाजूला." नट तो, दुसरं काय!

आणि नेवार्कच्या एका हॉटेलात, भुवई वर करायच्या आतच, अनिल स्वतःच स्वयंपाकघरातून बाहेर आला. ओला ॲप्रन, हाताला साबण. काका गाडीतच, डिटेक्टिव्हच्या कामात आपण लुडबुडायचं नसतं, हा त्यांचाच नियम! म्हटलं, "अनिल, अरे, बाबा बाहेर बसलेत, चल ना यार." त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. "टेल हिम आय ॲम डेड," म्हणाला आणि आत गेला. मी डुगनकडे बघितलं. सिनेमात इथे जबरदस्त वाक्य असतं ना! यानं तोंड उघडलं... मिटलं. लेखक कुठून आणायचा?

बाहेर आलो. काकांनी काच खाली केली. "मिळाला?" डुगननं हॅट काढली, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नाही. दुसराच मुलगा होता. पण शोधू आपण." इतकं सुरेख खोटं, की क्षणभर मलाही खरं वाटलं! आणि हे मराठीत मी सांगायचं... सांगितलं.

परतताना काकांनी डबा डुगनपुढे धरला. त्यानं मान खाली घालून थालीपिठं खाल्ली.

आता काय, काकांचा त्याच्यावर भलताच विश्वास बसलाय! दर रविवारी आम्ही तिघं सापडलेल्या पोराला शोधायला निघतो... नेवार्क सोडून सगळं न्यू जर्सी पालथं घालतो.