डावा पायमोजा

कुंभकोणम् बसस्थानकावर, स्वामीमलैच्या बसच्या रांगेत, माझ्यापुढे तंजावरी मराठी बोलणारे सून आणि सासरे. भिंतीवर आरोग्य मोहिमेचं नवंकोरं तमिळ पोस्टर.

"मामंजी, हा फोटो तुमचा!"

"असेल कुणाचा तरी."

"हेच गंध, हेच उपरणं. खाली लिहिलंय, 'मला साखरेचा आजार आहे. मी घरी सांगितलं. तुम्हीही सांगा.'"

"शिबिरातली मुलगी म्हणाली, तुमचा चेहरा बघून लोक ऐकतील."

"कधीपासूनचा आजार?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं मी तुमच्या कॉफीत दोन-दोन चमचे साखर ढवळतेय!"

"तू इतक्या मायेनं देतेस, रंजनी."

"त्या परक्या मुलीला बरं सांगितलंत."

"ते तमिळमधे. बाहेरचं बोलणं बाहेर होऊन जातं. घरच्या मराठीत तोंडच उघडेना."

"आणि भर उन्हात हे पायमोजे?"

"बस आली बघ."

"जाऊ दे बस. काढा ते."

"इथं? लोक बघतायत."

"भिंतीवरही बघतायत. बसा बाकावर. आधी डावा."

सासरे बाकावर बसले. तिनं डावा पायमोजा ओढून काढला.

"अगं आई! मामंजी, अंगठा काळा पडलाय!"

"ओरडू नकोस गं. दुखत नाही. महिना झाला, अजिबात दुखत नाही."